कोणत्या झाडावरची

रविवार कारंजामागच्या बोळात
पंधरा वर्षं मी मुळ्या तोलतो.
ज्येष्ठमध, अश्वगंधा, सुंठ, पिंपळी,
आता कशानेही शिंक येत नाही.
मालक म्हणतात, हीच खरी प्रतिकारशक्ती.

ताप शहरात शिरला त्या साली
दुकान सकाळी सातला उघडू लागलं.
लोक तोंड बांधून यायचे,
खडूच्या गोलात उभे राहून ओरडायचे,
गुळवेल द्या! निंबावरचीच ना?
निंबावरचीच, मी म्हणायचो
आणि पुडी बांधायचो, नजर दोऱ्यावर.

गुळवेल आणायची यमुना भोये.
पेठकडच्या डोंगरातून नाक्यापर्यंत जीपनं,
पुढं डोक्यावर भारा घेऊन चालत.
बोटाएवढ्या जाड कांड्या, सालीला पापुद्रे,
आणि कापल्या जागी
बैलगाडीच्या चाकासारखे आरे.
एकदा तिला विचारलं, निंबावरची का गं?
"आमच्याकडं निंब कुठं?
ही सादड्यावरची, ही आंब्यावरची,
ही फॉरेस्टच्या तारेवरची.
वेल काय इचारून चढती?"

तिला किलोमागे मिळायचे तीस रुपये.
आम्ही विकायचो...
जाऊ दे. वहीत आहे.

शेजारी नौशादचं मेडिकल.
त्याच्याकडच्या जस्ताच्या गोळ्या संपल्या
त्याच दिवशी माझ्याकडची सुंठ संपली.
दुपारी शटर अर्धं ओढून
आम्ही आपापला डबा खायचो, मध्ये दोन पायऱ्या सोडून.
खरं सांगू, तो म्हणाला,
या गोळ्यांनी किती फरक पडतो, मला ठाऊक नाही.
मला तरी कुठं ठाऊक आहे, मी म्हणालो.
मग आम्ही लोणच्याबद्दल बोललो.

कॉलेज रोडचे उपासनी सर
तीन महिने, दिवसातून तीनदा, काढा.
एक दिवस आले ते डोळे हळदीचे घेऊन.
डॉक्टरांनी आधी काढा बंद केला, मग तपासण्या.
उतरली कावीळ. दुकानात येऊन
ते मला काहीच बोलले नाहीत,
फक्त धण्याची पुडी घेतली आणि सुटे पैसे दिले.
त्या रात्री मी बराच वेळ
हात धूत बसलो.

लस आली तेव्हा यमुनेला घेऊन गेलो,
महापालिकेच्या दवाखान्यात, टोकन एकशे बारा.
बाही वर करून तिनं सिस्टरला विचारलं,
"सुई कोणत्या झाडावरची?"
मास्कच्या वर सिस्टरचे डोळे हसले,
मग हसणं थांबवून ती म्हणाली,
झाडावरची नाही, मावशी. चोराचा फोटो आहे.
अंगाला आधी दाखवून ठेवायचा,
खरा आला की ओळखू येतो.
तरी कधी आत शिरलाच,
तर घर सगळं लुटून जात नाही.
यमुना म्हणाली, "मग बरंय.
त्यातच फॉरेस्ट गार्डाचाबी ठेव एक."

दोन दिवसांनी भारा घेऊन परत आली.
दंड दुखला म्हणाली, एक रात्र कणकण.
काढा घेतलास?
"इतकं कडू कोण पितंय?
नागलीची भाकर खाल्ली अन् निजले.
इतकं निजायला कधी मिळतं?"

आता कुणी विचारलं की मी सांगतो,
सादड्यावरची आहे. चालेल?
काहीजण पुडी ठेवून जातात.
काहींना विचारतो, इतर औषधं चालू आहेत का,
डॉक्टरांना सांगितलंत का, सुई घेतलीत का.
मालक गल्ल्यावरून खाकरतात.
तराजूच्या पारड्यात चाकं पडलेली असतात,
बारीक, ओली, आरे मोजता येतील अशी.
मी भाव वाढवून मागितलाय.
तिच्यासाठी.
मालक म्हणाले, बघू.